लिहायला विषय संपलेत म्हणतोस?

गोव्यातल्या साखळी गावाहून एका मुलाने विचारलंय, थोडक्यात असं: "ताई, मी दर रविवारी आमच्या भागाबद्दल मराठीत लिहितो. आठ महिन्यांत हरवळ्याचा धबधबा, विठ्ठलाचं देऊळ, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, शिगमो म्हणजे आमची होळी, आजीचं खतखतं ही भाज्यांची आमटी, सगळं लिहून झालं. आता शनिवार उजाडला की पोटात गोळा येतो. तुम्ही अकरा वर्षं न चुकता लिहिताय, नवीन विषय आणता कुठून, आणि त्यात कॉम्प्युटरची मदत होते का?"

पहिलं म्हणजे 'न चुकता' हे खोटं आहे. दोनदा चुकलेय, एकदा सासूबाई हॉस्पिटलात होत्या म्हणून आणि एकदा अगदी तुझ्यासारखंच, बसले तासभर आणि काहीच सुचेना, मग उठून कपडे वाळत घातले. आणि तुला 'तू' म्हणते हं, माझा मुलगा तुझ्याहून मोठा असेल.

तुझी यादी दोनदा वाचली. बाबा, त्यात विषय एकही नाही, नुसते मथळे आहेत. चवथ काय विषय झाला? चवथ म्हणजे अख्खं गाव आहे, त्यातल्या कुठल्या घराचं दार वाजवायचं ते तू ठरवलंच नाहीस, म्हणून सगळ्या गावावरून एक स्कूटर फिरवलीस आणि घरी आलास, नि आता म्हणतोस गाव बघून संपलं.

माझंही पहिली दोन वर्षं असंच चाललं होतं. मग एका चवथीला, आदल्या दोन दिवसांतली गोष्ट, मी फोंड्याच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला बांधायच्या फळं-पानांचं, सामान घ्यायला गेले होते, बरोबर मुंबईहून आलेली भाची. सत्तरी तालुक्यातली एक बाई गोणपाटावर बसलेली, पुढ्यात कवंडळं, कांगलां, घागऱ्या असं रानातलं सामान, सुपारीचे घोस, आणि वर एक चिबूड. भाचीने लालभडक कवंडळ उचललं आणि मला विचारलं, "मावशी, ह्याची भाजी करतात का गं?" ती बाई जोरात हसली, म्हणाली, "खावपाचें न्हय गो बाये, उमकळावपाचें." टांगायचं असतं ते, खायचं नाही. आता मला हे लहानपणापासून माहीत, मी पुढे सरकणार तेवढ्यात भाची परत म्हणते, "खायचं नाही तर मग एवढे पैसे कशाला?" आणि त्या बाईला काय वाटलं कोण जाणे, तिने सांगायला सुरुवात केली. पहाटे उठून जावं लागतं, आधी घरामागच्या रानातच मिळायचं, तिथे आता काजू लावलेत, मग डोंगर चढून पलीकडे, वेल झाडावर उंच, काट्यातून जायचं, तिची सून येत नाही, म्हणते पायांना जळवा लागतात. बोलता बोलता ती कवंडळाचा देठ तपासत होती, देठ लहान तुटला की ते बांधता येत नाही आणि गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून प्रत्येक फळ चार बोटं वेल ठेवून कापलेलं.

ते चार बोटं वेल मी घरी येऊन लिहिलं. त्याआधी माटोळीवर माझा एक लेख होता ज्यात "निसर्गाशी नातं सांगणारी आपली परंपरा" वगैरे लिहिलं होतं, तो आता वाचवत नाही. त्या एका पाऊण तासातून मला तीन लेख मिळाले: रानातलं सामान आणणाऱ्या बाया, काजूच्या बागायतीने काय काय मागे सारलं, आणि तिसरा म्हणजे कला आणि संस्कृती खातं माटोळीची स्पर्धा घेतं, तिथे जास्तीत जास्त प्रकारची फळं-पानं लावायची चढाओढ असते, ती कुठून येतात आणि त्याने रानावर काय होतं. तिसरा लेख काही लोकांना आवडला नाही, असो.

तर माझी चाळणी अशी. मनात काही आलं की आधी बघते की त्याला प्रश्नचिन्ह लावता येतं का. मग बघते त्याचं उत्तर मला खरंच ठाऊक नाही ना, कारण ठाऊक असलं की मी प्रवचन द्यायला लागते. आणि शेवटचं, ज्याला ठाऊक आहे असा माणूस स्कूटरने जाऊन यायच्या अंतरावर आहे का. तिन्हीला हो आलं की तो विषय. एखादं नाही आलं तर डब्यात टाकते, डब्याचं पुढे सांगते.

लोक काय करतात, नाव घट्ट धरून ठेवतात आणि क्रियापद शोधतच नाहीत. धबधबा, देऊळ, नदी, भाकरी. तू त्याच्यापुढे कोणी काम केलं, पैसे कोणाला मिळाले, आधी कसं होतं, कधी बदललं, ह्याला इथले लोक काय म्हणतात, हे लावून बघ, आणि त्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न पैशाचा आहे हे मी अनुभवाने सांगते. पैसे कोणाला मिळतात हे विचारलं की माणसं खरं बोलायला लागतात, किंवा गप्प बसतात, दोन्हीत लेख आहे.

इथे माझी फजिती सांगते. खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या जमिनीत करतात त्या शेतीवर, मी लिहिलं होतं, इकडचं तिकडचं वाचून, घरात पंख्याखाली बसून. त्यात मी मानशीला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराला, सरळ 'बंधारा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी मडकईहून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन, नंबर कुठून मिळवला देवाला ठाऊक, ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "बाय, एकदा येऊन बघ." गेले. भरतीची वेळ होती. बांधाच्या मध्ये ती मानस, लाकडाची दारं, आणि त्यांनी मला अर्धा तास काही न बोलता तिथेच उभं केलं. भरतीचं पाणी चढलं तसं त्या पाण्याच्याच दाबाने दारं आपोआप मिटली, खारं पाणी शेतात जाणार नाही. म्हणाले, आता ओहोटीला ये, मग बघ, आतलं पाणी जोर करतं आणि दार बाहेरच्या बाजूला उघडतं. कोणी हात लावत नाही, मोटर नाही, वीज नाही. बंधारा म्हणजे अडवतो तो, आणि हे तर घड्याळासारखं उघडझाप करतंय! मी चप्पल काढून तिथे चिखलात उभी आणि मला लाज वाटत होती.

पण बघ, त्या लाजेतून किती निघालं. मानशीच्या तोंडाशी मासे सापडतात, ते धरायचा हक्क लिलावाने देतात, आपल्याकडे पावणी म्हणतात, ती कधी होते, कोण बोलतो, तो पैसा बांध दुरुस्तीला जातो का. दार कुठल्या लाकडाचं, बसवणारा मेस्त, म्हणजे सुतार, उरलाय का. खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात आता कोण पेरतं. माशांना भाव जास्त म्हणून कोणी मुद्दाम दार उघडं ठेवलं तर शेजारच्या शेताचं काय होतं, हा तर भांडणाचा विषय, आणि भांडण चालू असतं तिथे विषय कधी आटत नाही. 'खाजन' हा एक मथळा होता, त्यातून मी वर्षभरात पाच वेळा लिहिलं आणि अजून एकदा तरी लिहीन.

आता दुसरा झरा, परक्या माणसाचे प्रश्न. आपल्याला जे रोजचं ते दिसत नाही, ह्याला उपाय म्हणजे बाहेरचा पाहुणा. माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं कोल्हापूरला, तर सोयरे विचारायला लागले, लग्नाला दोन महिने आहेत आणि तुम्ही म्हणता सह्या झाल्या, म्हणजे लग्न झालं का नाही? आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारच्या ऑफिसात आधी एक सही, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरी सही, हे आपल्याला इतकं अंगवळणी आहे की त्यावर कोणी लिहावं असं वाटतच नाही. मी लिहिलं. पोर्तुगीज काळातला १८६७ चा सिव्हिल कोड, त्यातला कुटुंबाचा भाग आपल्याकडे अजून कसा चालतो, वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोचा मालमत्तेत निम्मा निम्मा वाटा कसा, आणि म्हणून घर विकताना बायकोची सही का लागते. माझ्या सगळ्या लेखांत सगळ्यात जास्त वाचला जातो तो हा, देवळांवरचे नाहीत.

तसंच 'वन-फोर्टीन'. मामलेदार कचेरीच्या बाहेर उभा राहून कान दे, दर पाचव्या माणसाच्या तोंडी वन-फोर्टीन. जमिनीच्या उताऱ्याचा फॉर्म एक आणि चौदा, त्यात कुळाचं नाव कुठे असतं, मालकाचं कुठे, हे विचारणारे माझ्याकडे एका महिन्यात तिघे आले. माझा नियम आहे, तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट विचारली की ती लिहायची. दोघांनी विचारली तर थांबते, कारण दोघे बहुतेक वेळा नवराबायको असतात.

कॉम्प्युटरचं विचारलंस म्हणून सांगते, पण जास्त नाही. गूगलवर अर्धं वाक्य टाईप करून खाली काय काय सुचवतो ते बघायचं, मराठीत बघ, कोकणीत बघ आणि रोमन अक्षरांत पण बघ, कारण आपली निम्मी माणसं तसंच टाईप करतात. त्याने विषय मिळत नाही, लोकांचा शब्द मिळतो. तू 'माटोळी सजावट' लिहितोस आणि लोक 'माटोळीचं सामान' शोधतात. गूगल ट्रेंड्समध्ये, म्हणजे कुठला शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या आलेखात, २००४ पासूनचं दिसतं आणि गोवा वेगळा निवडता येतो, पण तिथला १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत, त्या काळातला सगळ्यात वरचा टप्पा म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. माझ्या ओळखीत एकाने ह्यावरून "शंभर टक्के लोक शोधतात" असं छापलं होतं. आणि आपण एवढेसे, त्यामुळे पुष्कळदा पुरेसा डेटाच नाही असं येतं.

ह्यापेक्षा गूगलचंच सर्च कन्सोल बघ. फुकट आहे, मागच्या १६ महिन्यांचं दिसतं, कोणी काय टाईप केलं तेव्हा तुझं पान त्यांच्या समोर आलं ते. त्यात अशा ओळी शोध जिथे पान पुष्कळदा दिसलंय पण क्लिक जवळजवळ कोणी केलं नाही. म्हणजे माणूस दारापर्यंत आला, आत डोकावला आणि हवं ते नाही म्हणून परत गेला. माझ्या माटोळीच्या लेखावर तसंच होत होतं, लोकांना प्रत्येक फळाचं नाव आणि शेजारी फोटो हवा होता, शहरात वाढलेल्या सुनांना सासूने यादी दिलेली आणि कांगलां म्हणजे काय हे माहीत नाही. पुढच्या चवथीआधी दीड महिना मी तो लेख टाकला, नावं, फोटो, आणि कुठलं फळ किती दिवस टिकतं. दीड महिना महत्त्वाचा, सणाच्या दिवशी टाकून उपयोग नाही, तोवर सगळ्यांचं सामान बांधून झालेलं असतं.

आणि हो, हल्ली एआयला विचारतात, गोव्याबद्दल पन्नास विषय दे. विचार की, मीही विचारते. समुद्रकिनारे, फेणी, किल्ले, कार्निव्हल, बेबिंका. ती यादी छापून भिंतीला लाव आणि त्यातलं काही त्याच रूपात लिहायचं नाही. सगळ्यांना सुचणारं काय ते एका फटक्यात कळतं, ह्याहून स्वस्त मदत नाही.

सणवार आणि ऋतूचं कॅलेंडर सगळेच सांगतात, मी एकच भर घालते: बाजूचं दार शोध. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीचे ट्रॉलर बंद, ६१ दिवस, दरवर्षी सगळे तेच लिहितात, मासे महाग झाले, पुरुमेंताचं खारं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली सुकी मासळी, काढलं. मी एका वर्षी बर्फाच्या कारखान्यात जाऊन विचारलं, ह्या दोन महिन्यांत तुम्ही काय करता? तेवढंच. कामगार गावी जातात का, मशीन बंद ठेवलं तर बिघडतं का, लग्नाची ऑर्डर येते का. मासेमारी बंदीवरचाच लेख, पण मासा एकही नाही त्यात.

जुन्या गोष्टींसाठी पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत जा, कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ पासूनची संस्था आहे, आपण तिकडे फक्त पोरांना परीक्षेच्या अभ्यासाला पाठवतो. जुने पेपर मागव आणि बातम्या सोडून दे, जाहिराती आणि छोट्या नोटिसा वाच. जनमत कौल १६ जानेवारी १९६७ ला झाला, त्यावर राजकारणाचं एवढं लिहिलंय की आता आपण काय लिहिणार. पण मतपत्रिकेवर पक्षाची चिन्हं नव्हती, महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. माझ्या सासरी एका भावाने फुलावर शिक्का मारला, दुसऱ्याने पानांवर, आणि आजेसासूबाईंनी दोघांना एकाच पंगतीला बसवून वाढलं, वाढताना एक शब्द बोलल्या नाहीत म्हणे. मी फक्त त्या पंगतीवर लिहिलं. तुमच्या घरात काय झालं होतं ते विचार ना आजीला, खतखत्याची कृती झाली ना विचारून.

विधानसभेत आमदारांनी विचारलेले प्रश्न आणि खात्यांची लेखी उत्तरं वेबसाईटवर असतात, वाचायला रटाळ आहेत, पण एखाद्या तक्त्यात तुझ्या गावाचं नाव सापडलं की रविवार सुटला. ग्रामसभेला तर जातच जा, तिथे लोक विषय ओरडून सांगतात.

आता डबा. बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात चिठ्ठ्या. निकलास लुमान नावाचा एक जर्मन समाजशास्त्रज्ञ होता, त्याच्याकडे अशा सुमारे ९० हजार चिठ्ठ्या होत्या, माझ्याकडे असतील चारशे आणि त्यातल्या काहींना मुंग्या लागल्यात. पण एक चूक करू नकोस. माझी एक चिठ्ठी आहे, त्यावर फक्त 'फेरीबोट' लिहिलंय. काय फेरीबोट? कुठली? त्या दिवशी मला काहीतरी जबरदस्त सुचलं होतं हे नक्की, कारण दोनदा अधोरेखित केलंय, आणि आज डोक्यात काडीचं काही नाही. तेव्हापासून मी चिठ्ठीवर पूर्ण वाक्य लिहिते, प्रश्नचिन्हासकट, आणि कोणाला विचारायचं त्याचं नाव. 'पहाटेच्या पहिल्या फेरीला चोडणहून रोज कोण कोण असतं, बोटवाल्याला विचार.' अशी चिठ्ठी सहा महिन्यांनी काढली तरी चालते. मोबाईलवर ठेवलंस तरी हरकत नाही, मला पत्र्याचा आवाज आवडतो.

जुनं लिहिलेलं परत वाचणं, हेही कर. माझा दाबोळी विमानतळावरून घरी यायचा लेख होता, ५ जानेवारी २०२३ ला पेडण्यातला मोपाचा नवा विमानतळ सुरू झाला आणि अर्ध्या वाचकांपुरता तो शिळा झाला, मग टॅक्सीचं, बसचं, पेडण्यातल्या जमिनींचं, एकेक करून नवीन निघालं. जुन्या लेखात जिथे 'आजही' हा शब्द आहे तिथे बोट ठेव आणि बघ अजून खरं आहे का.

तुझ्यापुरतं सांगू? पावसात वाळवंटी नदी चढली की तुमच्या बाजारातलं पाणी पंपाने उपसून नदीत टाकतात. धबधब्यावर लिहिलंस, नदीकाठच्या देवळावर लिहिलंस, आणि त्या पंपावर एक ओळ नाही! रात्री दोनला पाऊस वाढला तर तो चालू कोण करतं, त्याला फोन कोण करतं, पाणी कुठल्या पायरीला लागलं की दुकानदार गोणी वर चढवायला लागतात, ती पायरी कोणी ठरवली? छत्री घे आणि जा, पण भर पावसात नको जाऊस, त्या माणसाला कामं असतात तेव्हा. जरा उघडीप पडली की जा, चहा घेऊन जा.